मथुरावैनींची मोकळी डबी

त्या सकाळी माझ्या भट्टीवर खवा करपला आणि मला त्याचा वास आला नाही. तीस वर्षं मी दूध आटवतोय. कढईकडं पाठ करून उभा असलो तरी दूध कधी दाटलं, कधी तळाला धरू लागलं, हे मी नाकानं सांगायचो. त्या दिवशी बायको घरातून धावत आली, "अहो, गल्लीभर करपट वास सुटलाय," म्हणाली, तेव्हा मी खाली पाहिलं. कढईचा तळ काळा पडला होता. मी वाकून वाफ नाकात ओढली. काही नाही. नुसत्या गरम पाण्याची वाफ यावी तसं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेचा उन्हाळा होता. वास जाणं म्हणजे काय, हे तोवर शेंबड्या पोरालाही माहीत झालं होतं. मलाही त्याच क्षणी कळलं. बायकोला म्हणालो, "सर्दी झालीय," आणि दुसरी कढई चढवली.

माझी चूक इथून सुरू होते. पण मला लिहायचं आहे ते मथुरावैनींबद्दल. माझं येईल ते जेवढं टाळता येणार नाही तेवढंच.

मथुरावैनी आमच्या गावच्या आशाताई. धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीपासून पाच-सहा किलोमीटर आत आमचं गाव. तिथं कुणाला दिवस गेले, कुणाच्या पोराला डोस द्यायचा राहिला, कुणाचा खोकला पंधरा दिवस हटत नाही, हे घरोघर फिरून बघायचं आणि आरोग्य केंद्राला कळवायचं, हे त्यांचं काम. ठेंगणी, काटक बाई. खांद्याला कायम पिशवी, त्यामुळं डावा खांदा जरा खाली आलेला. चालताना पायाकडं बघायच्या नाहीत, दारांकडं बघायच्या. नवरा लग्नानंतर पाच वर्षांत गेला, मूलबाळ नाही. धाकटा दीर निवृत्ती, त्याला त्यांनीच वाढवलं, लग्न लावून दिलं आणि शेजारीच वेगळी चूल मांडून दिली.

गावात त्यांची ख्याती मात्र आरोग्यासाठी नव्हती. मथुरावैनी डूख धरणारी बाई, अशी ती ख्याती. कुणी वाईट बोललं की त्या भांडत नसत. त्याच्यादेखत पदराचं टोक हातात घेत आणि त्याला गाठ मारत. "राहू द्या," म्हणत, "ध्यानात ऱ्हायला पायजे." त्या गाठीला पुरुषसुद्धा दचकायचे. त्यांच्या पदराला एका वेळी चार-चार गाठी मी स्वतः पाहिल्यात. लुगडं बदललं की नव्या पदराला ती पुन्हा मारली जायची. फिटंफाट झाली की गाठ सुटायची. आधी नाही.

एकदा एका बसच्या कंडक्टरनं आमच्या फाट्यावर गाडी थांबवली नाही. वैनींबरोबर दिवस भरलेली एक पोर होती. उन्हात उभ्या राहिल्या, मागून आलेल्या टेम्पोनं तिला कळंबला नेलं, बाळंतपण सुखरूप झालं. दुसरी कुणी विसरली असती. वैनींनी गाठ मारली. मग वर्षभर, कळंबच्या आठवडी बाजाराला जायचं ते त्याच कंडक्टरच्या गाडीनं. चढल्या की भरल्या गाडीत विचारायच्या, "मास्तर, आज थांबनार हाव का, का उडी मारू?" सगळी गाडी हसायची. त्यानं पुढं आपण होऊन दुसरा रूट मागून घेतला म्हणतात.

एका सरपंचानं भर ग्रामसभेत त्यांना "गोळ्या वाटणारी बाई" म्हटलं होतं. तो पुढं नातवाला कडेवर घेऊन पोलिओच्या डोसाला आला आणि रांग सोडून थेट टेबलापाशी गेला. वैनींनी मानही वर केली नाही. "मागं हुबं ऱ्हावा. पोलिओला सरपंच कळत न्हाय." तासभर तो उन्हात उभा. नंबर आल्यावर नातवाच्या तोंडात दोन थेंब टाकले, त्याच्या गालाला बोट लावलं, आणि सरपंचाच्या देखत गाठ सोडली. म्हणाल्या, "आता तुमचं-माझं मिटलं. यिऊ द्या चहाला कवा."

माझ्या नावाची गाठ त्याआधीची. ती कधीच सुटली नव्हती.

तेव्हा त्यांच्याकडं एक म्हैस होती आणि दूध माझ्याच भट्टीवर यायचं. सकाळी सगळे दूधवाले किटल्या घेऊन ओट्याला रांग लावतात आणि मी प्रत्येकाच्या दुधात काचेची नळी सोडतो. आमच्याकडं तिला डिग्रीच म्हणतात. नळी किती वर तरंगते त्यावर दुधात पाणी आहे का ते कळतं. एके दिवशी वैनी घाईत आल्या, धार काढून थेट. कुणाचं तरी बाळंतपण होतं. नळी खाली गेली. मी म्हणालो, "वैनी, म्हशीला पाणी जास्त पाजलं का किटलीला?" रांग हसली. त्या म्हणाल्या, "दूध कोमट हाय, बप्पा. थंड हू द्या, मग लावा." मला गावात सगळे बप्पा म्हणतात. ताज्या कोमट दुधात डिग्री खाली जाते, हे मला चांगलं माहीत होतं. पण रांग हसत होती आणि मला बरं वाटत होतं. "रांग कुणासाठी थांबत न्हाय," म्हणालो आणि किटली परत केली.

वैनींनी किटलीचं झाकण लावलं. पदराचं टोक घेतलं. गाठ मारली. तेव्हापासून त्यांचं दूध शेजारच्या गावी जाऊ लागलं. निवृत्ती मात्र माझ्याकडंच घालायचा. मी एकदा त्याला छेडलं तर हसून म्हणाला, "वैनीचा राग वैनीपाशी. माझ्या चंद्रीला काय ठावं?" चंद्री त्याची म्हैस.

आजार गावात शिरला तेव्हा मथुरावैनी दोन वेळा गाव पालथा घालायच्या. जुन्या लुगड्याचे तीन पदरी मास्क शिवून वाटायच्या. दारात उभ्या राहून ठणकावायच्या, "ताप, खोकला, अंगदुखी, चव न्हाय, वास न्हाय, यातलं काय बी असंल तर घरात बसा आनि मला सांगा. लपवून कुनी पैलवान हुत न्हाय." कपाळाला ताप मोजायची बंदूक लावायच्या, बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघायच्या. शिवाय त्यांची स्वतःची एक तपासणी होती, सरकारनं दिलेली नव्हे. पिशवीत हिंगाची एक पत्र्याची डबी असायची. ती उघडून उंबऱ्यावर ठेवायच्या, चार पावलं मागं सरायच्या आणि विचारायच्या, "कशाचा वास?" माणसानं हिंग म्हटलं की डबी पुसून पुढच्या दारी. लोक हसायचे. वैनी हिंगावर रोग ओळखते म्हणायचे.

खवा करपला त्याच दिवशी दुपारी त्या माझ्या दारात आल्या. नाकावर मास्क असून त्यांना वास आला होता.

"बप्पा, भट्टीवर काय झालं?"

"कुठं काय? जरा आच जास्त झाली."

"तुमची? तीस वरसात?"

त्यांनी डबी उंबऱ्यावर ठेवली आणि मागं सरल्या. "घ्या."

मी डबी नाकाशी धरली. कसलाही वास नव्हता, पण डबी मला पाठ होती. मी डोळे मिटून मोठा श्वास घेतला, जरा नाटक केलं, आणि म्हणालो, "हिंग. झकास वास येतोय."

वैनी माझ्याकडं बघत राहिल्या. मास्कवरचे डोळे तेवढे दिसत होते.

"डबी मोकळी हाय, बप्पा. सकाळी राखेनं घासून उनात वाळवलीया. खरं सांगनाऱ्याला मोकळी कळती. खोटं सांगनाऱ्याला हिंग."

मी डबीत पाहिलं. तळ चकचकीत होता.

"उद्या शाळेत गाडी येतीया तपासायला," त्या म्हणाल्या. "नाकात काडी घालत्यात, पंधरा-वीस मिनिटात कळतं. यायचं. तवर भट्टी बंद. दूध कुनाचं घ्यायचं न्हाय, दारात रांग न्हाय. न आलात तर म्या वर नाव कळवनार."

बायको आतून ऐकत होती. समोरच्या घरातली माणसं ऐकत होती. मला माणसाच्या जिवाची भीती वाटायला हवी होती. वाटला तो संताप. एका बाईनं मला माझ्याच दारात, वासावर पोट भरणाऱ्या माणसाला, मोकळी डबी हुंगायला लावून पकडलं होतं. तो अपमान मला तापासारखा चढला. दुसरी सकाळ होईपर्यंत मला एकच गोष्ट हवी होती. मथुरावैनींची फिटंफाट.

सकाळी रांग लागली. मी तोंडाला गमजा गुंडाळून ओट्यावर उभा राहिलो आणि दुधात डिग्री सोडता सोडता बोलू लागलो. ओरडलो नाही. गंमत सांगावी तसं सांगितलं.

"शाळेत गाडी येनार हाय म्हनं. जाऊ नका बाबांनो. मथुरावैनीची गाठ ठाव हाय ना? माझ्यावर डूख हाय तिचा, म्हून माझं नाव घातलंय. ज्याच्यावर राग, त्याचं नाव यादीत. एकदा नाव गेलं की घराला पत्रे ठोकत्यात, म्हशी कोन बगनार?"

कुणी विचारलं नाही की तपासणीची काडी डूख कशी धरेल. वैनींच्या गाठी सगळ्यांनी पाहिल्या होत्या. माझं खोटं त्या गाठींवर उभं राहिलं, म्हणून ते पटलं. मी त्यांच्या स्वभावाचाच धोंडा उचलून त्यांच्यावर टाकला होता. एक म्हातारा म्हणाला, "खरंय, बाई डुखीच हाय." रांग हसली. मला पुन्हा बरं वाटलं.

रांगेत निवृत्ती होता. तो हसला नाही. किटली पुढं करत हळूच म्हणाला, "बप्पा, खरंच तसं हाय? वैनी मला बी चल म्हनतीया. कालपसून अंग मोडून आलंय."

तिथं मला थांबता आलं असतं. मी म्हणालो, "उनाचं असंल. ताक पी."

त्या दिवशी शाळेच्या वऱ्हांड्यात मथुरावैनी दुपारपर्यंत बसल्या. सातजण आले. गाडी निघून गेली.

वैनींनी माझं नाव वर कळवलं, पण त्या दिवसांत वरून कुणी फिरकलं नाही. मी आठ दिवस भट्टी चालवली. खोकला आला की आत जाऊन खोकायचो. नवव्या दिवशी दुधाचं कॅन उचलताना श्वास पुरेना. फेरीवर आलेल्या वैनींनी चिमटा लावला, आकडा बघितला आणि फोन लावला. दवाखान्याची गाडी आली, तिच्यात निवृत्ती आधीच बसलेला होता. त्याचा ताप पाचव्या दिवशी वाढला होता, पण तो तपासायला गेला नव्हता. वैनी हात धरून ओढत होत्या तरी गेला नव्हता.

धाराशिवच्या वाटेवर तो धापा टाकत मला म्हणाला, "तुमी म्हनला म्हून थांबलो, बप्पा. न्हायतर वैनी मागंच लागली व्हती." त्यात तक्रार नव्हती. एवढ्या तेवढ्या गोष्टी माणूस प्रवासात सांगतो, तसं सांगत होता. दवाखान्यात आमच्या दोघांच्या नाकात काडी घातली. डोळ्याला पाणी आलं, शिंक आल्यासारखं झालं, संपलं. तेवढंच होतं ते. तेवढ्याला मी गावाला घाबरवलं होतं.

दवाखान्यातनं मी अकराव्या दिवशी घरी आलो. निवृत्ती तिथं चौथ्याच दिवशी गेला होता. त्याची माती गावात आलीच नाही.

मला मागच्या खोलीत आठवडाभर एकट्यानं राहायचं होतं. मला वाटलं, आता मथुरावैनी येणार नाहीत. पहिल्याच सकाळी खिडकीशी खाकरल्या. चिमटा काठीला बांधून आत सरकवला.

"बोटाला लावा. आता खोलीत सा मिनिटं चाला. परत लावा. चौऱ्याण्णवच्या खाली आलं तर सांगायचं."

मी भिंतीकडं तोंड करून पडलो होतो. म्हणालो, "वैनी, माझ्यामागं लागू नका. होईल ते होऊ द्या."

"आसं कसं?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी शांत होता. "तुमी मेलात तर म्या डूख धरू कुनावर? तुमाला जगवायचंच हाय मला. लई वरसं. उठा. चाला."

मी उठलो. त्या खोलीत सहा पावलं इकडं, सहा पावलं तिकडं चालू लागलो, आणि त्या खिडकीबाहेर उभं राहून बोलू लागल्या.

"मी नांदायला आले तवा निवृत्ती आट वरसाचा व्हता. शाळेला जायचा न्हाय. माझ्या पदराला धरून गेला पैल्यांदा. मास्तर म्हनले, पोरगं सोडा आता. त्यो सोडंना."

सहा मिनिटं झाली. चिमटा लावला. आकडा लिहून घेतला. गेल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. "भाकरीचा पापुद्रा आदी काढून खायचा. मग खालची भाकर माझ्या ताटात. लगीन झालं तरी." तिसऱ्या दिवशी चंद्री दूध देईना झाल्याचं सांगितलं. चौथ्या दिवशी त्याच्या पोरीनं बापाची चप्पल उशाला घेतल्याचं. रोज सहा मिनिटं, रोज एक गोष्ट. मी कान झाकू शकत नव्हतो, चालणं थांबवू शकत नव्हतो. थांबलो की बाहेरून "चाला" यायचं. शिव्या दिल्या असत्या तर सोसल्या असत्या. असा सूड मी आयुष्यात दुसऱ्या कुणाचा पाहिला नाही. त्यानंच माझी छाती मोकळी झाली, हेही खरं.

सातव्या दिवशी आकडा सत्त्याण्णव आला. वैनींनी चिमटा पुसून पिशवीत टाकला.

"आजची ऱ्हायली," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातनं त्याचा शेवटचा फोन आला. काय म्हनला सांगू? म्हनला, 'वैनी, बप्पाला खाट मिळाली का?'"

आणि निघून गेल्या.

बरा झाल्यावर मी त्यांच्याकडं गेलो. दिवेलागणीला, गल्लीत कुणी नाही असं बघून, हातात किलोभर खवा घेऊन. म्हणालो, "वैनी, माझं चुकलं." त्या ज्वारी निवडत होत्या. सूप खाली न ठेवता म्हणाल्या, "चावडीवर थुकायचं आनि परसात पुसायचं, आसं नसतंय, बप्पा. जितं बोललात तितं बोला." खव्याकडं बघितलंही नाही. मी आणखी दोनदा गेलो. तिसऱ्यांदा दारच उघडलं नाही.

जिथं बोललो तिथं बोलायचं म्हणजे ओट्यावर, रांगेपुढं. मला ते जमलं नाही. चार वर्षं जमलं नाही. रोज सकाळी रांग लागायची, रोज मी डिग्री हातात घ्यायचो, रोज वाटायचं, आज. नाकात वास हळूहळू परतला, पण सरळ नाही परतला. आजही मधूनच चांगल्या ताज्या खव्याला मला करपट वास येतो. बायको म्हणते, काही नाही, छान आहे.

वैनी रोज गल्लीतून जायच्या. माझ्या दाराशी त्यांची चाल बदलायची नाही. फक्त हात पदराच्या टोकाला जायचा, गाठ जागेवर आहे का बघितल्यासारखा.

यंदा त्यांचं वय भरलं. आशाच्या कामातून त्या मोकळ्या होणार होत्या आणि निवृत्तीच्या मुलीच्या शिक्षणासाठी जावेबरोबर लातूरला राहायला जाणार होत्या. हे मला बायकोनं सांगितलं. म्हणाली, "उद्या सकाळी निघणार आहेत. बघा बाई," आणि आत गेली.

सकाळी रांग लागलेली होती, पंचवीस-तीस माणसं. वैनी गल्लीच्या तोंडाशी दिसल्या. खांद्याला तीच पिशवी, शेजारी नवी आशाताई, गावातलीच एक तरुण सून. तिला घरं दाखवत येत होत्या. इथं शुगर आहे, इथं बाळंतीण आहे. माझ्या दारापाशी आल्या आणि मी ऐकलं, त्या तिला म्हणाल्या, "ह्या घराला मोकळी डबी दाखवायची."

माझ्या हातात डिग्री होती. ती मी पाण्यात ठेवली. ओट्याच्या कडेला आलो.

"थांबा जरा," मी रांगेला म्हणालो. "मला बोलायचंय."

रांग थांबली. किटल्यांचा आवाज बंद झाला. वैनीही थांबल्या, रांगेच्या पार शेवटी, निंबाच्या सावलीत.

मी म्हणालो, "ह्या ओट्यावर मी वैनीचं दूध परत केलं होतं. दूध कोमट होतं. पाणी नव्हतं. मला ठाऊक होतं. ह्याच ओट्यावर मी सांगितलं की वैनी डूख धरून नावं घालते, तपासायला जाऊ नका. खोटं होतं. माझा वास गेला होता. मला रोग झालाय हे मला ठाऊक होतं, आणि मी तुमचं दूध घेत राहिलो. निवृत्तीनं मला विचारलं होतं, जाऊ का. मी त्याला ताक पी म्हणालो. तो माझ्यामुळं गेला. वैनी, मला माफ करा."

वैनींचा हात पदराच्या टोकाशी गेला. त्या गाठ सोडतात की घट्ट करतात, ते तिथून मला दिसेना.

मग त्यांचा आवाज आला, पोलिओच्या रांगेतल्यासारखाच, न चढवलेला.

"मागं ऐकू आलं न्हाय, बप्पा."

मी छातीभर श्वास घेतला. आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, सगळं पुन्हा सांगितलं.